फॉर्म २२ कोण देणार?

वाचकाचं पत्र (थोडं आटोपतं करून)

स.न.वि.वि.

मी चाकणजवळच्या एका गावात राहतो. वय ३४. आमच्या जमिनीतला एक तुकडा मागच्या वर्षी विकला, त्याचे पैसे बँकेत आहेत. मला कॉलेजपासून टेस्टच्या गाड्यांचा, म्हणजे बाजारात येण्याआधी कंपन्या रस्त्यावर तपासतात त्या गाड्यांचा नाद. काळ्यापांढऱ्या नक्षीची पट्टी गुंडाळलेली गाडी तळेगाव रोडला दिसली की मोटरसायकल वळवून तिच्यामागं जायचं, फोटो काढायचे, तारीख, वेळ, ठिकाण वहीत लिहायचं. दोन हार्डडिस्क भरल्यात.

आता युरोपातल्या एका ब्रोकरनं एका इटालियन सुपरकारचा टेस्ट म्यूल दाखवलाय. २०११-१२ चा आहे, स्टीअरिंग डावीकडं. वरून जुनं मॉडेल, आत पुढच्या गाडीचं इंजिन. किंमत २ लाख ७५ हजार युरो. १० टक्के टोकन लगेच पाठवा म्हणतो, जगात अशी दुसरी नाही म्हणतो. भारतात आणायचं विचारलं तर म्हणाला, सुटे भाग म्हणून पाठवू, तिथं जोडा, पासिंगचं तुमचा कुणी माणूस बघेल. इकडं कुदळवाडीतला ओळखीचा भंगारवाला एका कंपनीची टेस्टची बॉडी देतो म्हणतोय, अगदी स्वस्तात.

आण्णा म्हणतात, जी गाडी रस्त्यावर काढता येत नाही ती भाकड म्हैस. बायको म्हणते, ठेवणार कुठं ते आधी सांगा. माझं म्हणणं, फेरारी पैसेवाले कुणीही घेतात, अशी गाडी पुण्यात कुणाकडंच नाही. आणि किंमत वाढणारच. घेऊ का?

– एक वाचक, चाकण

उत्तर

नमस्कार.

टोकन पाठवू नका. हे पहिल्यांदा लिहून टाकतो, बाकीचं सावकाश बोलू.

तुमच्या पत्रात किंमत आहे, टोकनचा टक्का आहे, ‘जगात दुसरी नाही’ हे वाक्यही आहे. चासिस नंबर मात्र नाही. कंपनीनं ही गाडी कुणाला आणि कुठल्या कागदावर विकली ते नाही. तिनं नेमकी कोणती चाचणी दिली तेही नाही. नेहमीची गाडी घेताना आपण गाडी घेतो आणि सोबत कागद मिळतात. टेस्ट गाडीच्या बाबतीत तुम्ही कागद विकत घेता आणि सोबत गाडी येते. कागद नसेल तर हातात उरतो पत्रा, वायरींचा गुंता आणि ब्रोकरनं सांगितलेली एक गोष्ट, जी उद्या तुम्ही पुढच्या गिऱ्हाइकाला सांगणार.

पिंपरी-चाकणच्या टेस्टिंगमधल्या कुठल्याही माणसाला ‘टेस्ट गाडी घेतोय’ असं सांगितलंत तर त्याचा पहिला प्रश्न असेल, म्यूल, प्रोटो की पायलट लॉट? या तिन्हींत किमतीचा आणि डोकेदुखीचा फार फरक पडतो. म्यूल म्हणजे नव्या गाडीचं इंजिन, गिअरबॉक्स, सस्पेन्शन जुन्या कुठल्यातरी गाडीच्या अंगाखाली घालून पळवायचं. बाहेरच्याला पत्ता लागू द्यायचा नाही आणि नवी बॉडी तयार होईपर्यंत थांबायचंही नाही. प्रोटो हाताने बांधलेला असतो, त्यातले निम्मे भाग नंतर बदलतात. पायलट लॉटची गाडी प्रत्यक्ष असेंब्ली लाइनवरून उतरते आणि शोरूममधल्या गाडीसारखीच दिसते. चौथी जात शो कारची. मोटर शोच्या फिरत्या चौथऱ्यावर मिरवायला ती केलेली असते आणि पुष्कळदा तिच्यात चालण्याजोगं इंजिनच नसतं.

मॅक्लरेन एफ१ या सुपरकारचं उदाहरण घ्या, तुम्हाला ते ठाऊक असणारच. त्या गाडीचे पहिले दोन म्यूल अल्टिमा या किट कारवर बांधले होते. अल्बर्टमध्ये गिअरबॉक्स तपासायला ७.४ लिटरचं शेव्हरोलेचं व्ही८ घातलं, एडवर्डमध्ये बीएमडब्ल्यूचं खरं व्ही१२. काम झाल्यावर कंपनीनं दोन्ही नष्ट केले. कारण सरळ होतं: जगातली सर्वांत महागडी गाडी किट कारच्या पोटातून आली असं कुणी छापू नये. मग एक्सपी१ ते एक्सपी५ असे पाच प्रोटोटाइप झाले. पहिला १९९३ मध्ये नामिबियात उन्हाळी चाचणीत उलटून जळाला, दुसरा क्रॅश टेस्टला गेला. पाचव्यानं ३१ मार्च १९९८ रोजी जर्मनीतल्या एरा-लेसिनच्या ट्रॅकवर ताशी २४०.१ मैल, म्हणजे सुमारे ३८६ किलोमीटर वेग गाठला. आज एक्सपी५ ला जे मोल आहे ते कार्बन फायबरचं नाही. त्या दिवशी तिथं तीच गाडी होती याच्या नोंदीचं आहे. तुमच्या ब्रोकरच्या गाडीची अशी नोंद कुठाय?

म्यूल विकलेच जात नाहीत असंही नाही. फेरारी एन्झोचे तीन म्यूल जुन्या ३४८ च्या अंगाखाली बांधले होते. त्यातला तिसरा, एम३, जून २००५ मध्ये लिलावात १,९५,५०० युरोला गेला. एन्झोच्या त्या वेळच्या किमतीपेक्षा कितीतरी कमी, आणि रस्त्यावर चालवायची परवानगी नाही ती नाहीच. पण घेणाऱ्याला तो कंपनीचाच एम३ आहे हे पक्कं माहीत होतं. तुमच्या ब्रोकरनं या व्यवहाराचा दाखला दिला असेल तर त्यातला हा भाग त्यानं गाळला असणार.

आता कंपन्या या गाड्या का चिरडतात, ते समजून घ्या, म्हणजे बाजारात आलेल्या गाडीकडं किती संशयानं पाहायचं ते कळेल. अशा गाडीला रस्त्याची मान्यता नसते. ब्रेक, एअरबॅग, वेल्डिंग यांचं काम अर्धवट तपासलेलं असतं. उद्या कुणी मेलं तर खटला कंपनीवर. कित्येकदा सुटे भाग संशोधनासाठी करात सूट घेऊन आणलेले असतात, त्यांचा हिशेब सरकारला द्यावा लागतो. त्यामुळं दान केलेली गाडीही सुटत नाही. २०१४ मध्ये अमेरिकेत क्रायस्लरनं कॉलेजांना शिकवण्यासाठी दिलेल्या सुरुवातीच्या व्हायपर या स्पोर्ट्स गाड्या नष्ट करायला सांगितलं, तेव्हा वॉशिंग्टन राज्यातल्या एका कॉलेजातली मुलं आणि मास्तर पार रडकुंडीला आले होते. पण मालकी कंपनीची होती, बोलणार काय!

मग बाहेर येतात त्या कशा? मुख्यतः दोन वाटांनी. एक, कंपनी स्वतःच एखाद्या जुन्या, भरवशाच्या गिऱ्हाइकाला अटी घालून विकते. दुसरी, कंपनी बुडते. १९९५ मध्ये इटलीतली बुगाटी दिवाळखोर झाली तेव्हा ईबी११० च्या चासिस आणि सुटे भाग जर्मनीतल्या डाउअर या कंपनीकडे गेले. गाड्यांची डिझाइनं करणारी इटलीतली बर्टोने अडचणीत आली तेव्हा २०११ च्या मे महिन्यात त्यांच्या सहा गाड्या कोमो सरोवराकाठी, व्हिला डेस्टेला लिलावात निघाल्या. तुमची गाडी यातल्या कुठल्या वाटेनं आली, हे ब्रोकरला एका ओळीत सांगता आलं पाहिजे. तिसरी वाट मागच्या दाराची, तिच्यावर गेलेल्या गाडीवर कंपनी कधीही हक्क सांगू शकते.

त्याच लिलावाचे आकडे तुमच्या ‘किंमत वाढणारच’ या वाक्याशेजारी ठेवून बघा. लॅम्बोर्गिनी मार्झाल १५ लाख १२ हजार युरोला गेली. लान्सिया स्ट्रॅटॉस झिरो ७ लाख ६१ हजार ६०० ला. आणि लान्सिया सिबिलो ९५ हजार २०० ला. एकाच घराण्याच्या गाड्या, एकच दिवस, एकच हातोडा, आणि प्रत्येक नमुना जगात एकुलता एक. मार्झाल १९६७ मध्ये मोनॅकोच्या ग्रां प्रीआधी प्रिन्स रेनियर आणि ग्रेस केली यांनी ट्रॅकवर फिरवली होती, पुढं तिच्यातूनच लॅम्बोर्गिनीची एस्पाडा ही गाडी निघाली. सिबिलोकडं असं सांगण्याजोगं काही नव्हतं. दुर्मीळ आहे म्हणून महाग, हे गणित इथं चालत नाही. दुर्मीळ तर एखाद्या नापास झालेल्या गाडीचा सांगाडाही असतो.

आता आपल्या रस्त्यावर येऊ. समजा गाडी खरी आहे, कागद चोख आहेत. ती पुण्यात आणता येईल का?

जुनी गाडी आयात करायची तर ती बनून ३ वर्षांहून जास्त काळ झालेला चालत नाही. स्टीअरिंग उजवीकडं लागतं. पुढची किमान ५ वर्षं रस्त्यावर चालण्याजोगी आहे असा दाखला लागतो. ती मुंबई बंदरातूनच यावी लागते. ड्यूटी आणि कर मिळून गाडीच्या किमतीहून जास्त पैसे जातात ते वेगळे. तुमची गाडी पहिल्या दोन अटींतच बाद झाली. ५० वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी २०२१ पासून व्हिंटेजची वेगळी नोंदणी आहे, नंबरात ‘व्हीए’ अक्षरं असतात, पण ते वय पहिल्या नोंदणीपासून मोजतात. कधी नोंदणीच न झालेल्या गाडीला तिथंही धाप लागेल. तुमची गाडी तर जेमतेम चौदा-पंधरा वर्षांची.

आणि हे सगळं माफ झालं असं धरा. आरटीओच्या खिडकीवर फॉर्म २० तुम्ही भराल. फॉर्म २१ म्हणजे विक्रीचा दाखला, तो कुणीतरी देईल. फॉर्म २२ कोण देणार? ही गाडी नियमांप्रमाणं बनवली आहे, असं लिहून सही करायची असते ती उत्पादकानं. ज्या कंपनीनं ती गाडी मुळात रस्त्यासाठी केलीच नाही, ती कशाला सही करेल? नव्या मॉडेलची मान्यता काढायला कंपन्या आपल्या पुण्यातल्या टेकडीवरच्या एआरएआय किंवा नगरच्या व्हीआरडीई या वाहन तपासणाऱ्या संस्थांकडं नमुने घेऊन जातात, ती यंत्रणा उत्पादक आणि आयातदारांसाठी आहे. एकट्यादुकट्या हौशी मालकाला एक गाडी घेऊन उभं राहायला तिथं जागा नाही. ब्रिटनमध्ये तशी सोय आहे. जॅग्वारची सी-एक्स७५ ही गाडी २०१० मध्ये पॅरिसला दिसली, टाटांच्या मालकीच्या काळातली बरं का. २०१२ च्या डिसेंबरात प्रकल्प गुंडाळला. पुढं एका बॉण्डपटातल्या स्टंटसाठी तिच्या व्ही८ इंजिनाच्या गाड्या बनल्या आणि त्यातली एक अलीकडं मूळ डिझायनर इयन कॅलम यांच्याच कंपनीनं रस्त्यालायक करून तिथल्या एकेका गाडीच्या चाचणीतून पास करून घेतली. गाडी रचणारा माणूस सोबत असताना एवढा उपद्व्याप करावा लागला.

तुमच्या फोटोंतल्या गाड्यांना लाल पाटीवर पांढरी अक्षरं असतात, ती ट्रेड सर्टिफिकेटची. ते उत्पादक, विक्रेते वगैरेंना आणि ठरावीक कामांपुरतंच मिळतं. संग्राहकाला नाही. तेवढी पाटी कुणी बनवून देतो म्हणालं तर त्याला चहा पाजून वाटेला लावा.

सुटे भाग म्हणून आणायची आणि इथं जोडायची, ही ब्रोकरची युक्ती म्हणजे सरळसरळ कस्टम्सची फसवणूक. तुमचा ‘पासिंग बघणारा माणूस’ कुठल्यातरी ठोकलेल्या गाडीची कागदपत्रं तिला चिकटवणार, म्हणजे वर बनावट दस्तऐवजाचा गुन्हा. सप्टेंबर २०२५ मध्ये भूतानमार्गे आणलेल्या गाड्यांसाठी केरळात कस्टम्सनं छापे घातले, तेव्हा शेवटच्या मालकांच्या अंगणातून गाड्या उचलून नेल्या होत्या. ब्रोकर युरोपात बसलेला असेल. अंगण तुमचं आहे.

शिवाय एक बारीक गंमत: जी गाडी सुटी करून पुन्हा जोडली, ती टेस्ट म्यूल राहते का? तिचं मोल जिच्यात आहे ते वेल्डिंग, ते हातानं ओढलेले हार्नेस (वायरींचे जुडगे), ते जागोजाग चिकटवलेले सेन्सर, हेच तुम्ही पान्यानं उस्कटणार.

कुदळवाडीच्या बॉडीबद्दल फार लिहीत नाही. कंपनीतून भंगार बाहेर पडताना गेट पास होतो, वजनाचा काटा होतो, टेस्टची बॉडी असेल तर ती कापून किंवा दाबून दिली जाते. अख्खी बॉडी अख्खी बाहेर आली असेल तर कुणीतरी कुठंतरी डोळा मारलाय. कंपनीचा विक्रीचा कागद दाखव म्हणा. नसेल तर ती चोरीची वस्तू आहे, आणि चोरीची वस्तू माहीत असून घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे. तुमच्या गावातली निम्मी पोरं त्याच कंपन्यांत कामाला असतील. त्यांची नोकरी तुमच्या शोकेससाठी घालवू नका.

उरला एक मार्ग: गाडी युरोपातच ठेवायची. हे कायद्यात बसतं आणि परदेशातले बरेच संग्राहक करतात. गाडी एखाद्या खास गोदामात, मालक वर्षाकाठी एखादा ट्रॅक डे गाठतो. पण मग हा आयातीचा व्यवहार राहत नाही, पैसे एलआरएसखाली, म्हणजे परदेशी पैसे पाठवायच्या रिझर्व्ह बँकेच्या योजनेखाली जातात. त्यात एका माणसाला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरच पाठवता येतात. तुमचे २ लाख ७५ हजार युरो त्याच्यावर जातात. ‘अर्धे वहिनींच्या नावानं पाठवा’ असं ब्रोकर सुचवेलच. १० लाखांवरच्या रकमेवर २० टक्के टीसीएस हा कर बँकेतच आधी कापला जातो. तो रिटर्नमध्ये जुळवता येतो, पण तोवर पैसे अडकतात. मालमत्ता परदेशात असल्याचं रिटर्नमध्ये दाखवायचं राहिलं तर दंड वेगळा. टोकनच्या आधी सीएकडं जा, नंतर नाही.

त्यात गोदामाचं भाडं, विमा, आणि चालू ठेवायचा खर्च. हा शेवटचा फार लोक विसरतात. टेस्ट गाडीतला ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर, अर्धवट सॉफ्टवेअरचा असतो, त्या आवृत्तीची फाइल कंपनीतल्या एखाद्या इंजिनिअरच्या मशिनवर असते आणि तो माणूस कधीच निवृत्त झालेला असतो. मॅक्लरेन एफ१ च्या रस्त्यावरच्या गाड्यांची देखभाल करायला कंपनीला नव्वदीतला कॉम्पॅकचा एलटीई ५२८० लॅपटॉप सांभाळून ठेवावा लागला होता, कारण दुसऱ्या कशावर ते सॉफ्टवेअर चालेना. ती तर कोट्यवधींची आणि कंपनीनं जोपासलेली गाडी. बेवारस म्यूलचा ईसीयू गेला तर तुम्ही कुणाचा दरवाजा वाजवणार? जेम्स ग्लिकेनहाउस या अमेरिकन संग्राहकानं पिनिनफरिना या इटालियन डिझाइन कंपनीची १९७० ची मोदुलो २०१४ मध्ये घेतली. शो कारच ती, चालती करायला त्याला वर्षं लागली, आणि २०१९ मध्ये मोनॅकोच्या रस्त्यावर तिला आग लागली. त्याच्याकडं स्वतःची गाड्या बनवणारी कंपनी आहे. तुमच्याकडं बजाजची डीलरशिप असलेला मेव्हणा आहे असं गृहीत धरलं तरी अंतर बरंच राहतं.

तेव्हा माझं मत असं: जमिनीच्या पैशातून ही पहिली खरेदी नको. दहावी असती तर वेगळं बोललो असतो. आणि पत्रात विचारलेलं नाही तरी एक विचारतो, या पैशात बहिणीचा वाटा असेल तर तो आधी तिच्या खात्यावर गेला का? २००५ पासून वडिलोपार्जित जमिनीत तिचा मुलाइतकाच हक्क आहे. हक्कसोडपत्र तिनं खुशीनं दिलंय की रीत म्हणून, ते तुम्हीच जाणे.

पण नाद सोडा असं मी म्हणणार नाही. तुमच्या पत्रातली खरी वस्तू तुम्ही दीड ओळीत उरकलीत. तारीख, वेळ, ठिकाण लिहिलेले कॉलेजपासूनचे फोटो! लॅम्बोर्गिनी काउंटाचचा पहिला प्रोटोटाइप, एलपी५००, १९७१ मध्ये जिनिव्हात पिवळाजर्द उभा होता. मार्च १९७४ मध्ये इंग्लंडमध्ये त्याची क्रॅश टेस्ट झाली आणि तो भंगारात गेला. एका गिऱ्हाइकाच्या हट्टापायी लॅम्बोर्गिनीनं तो पुन्हा बांधला, २५ हजार तास लागले, २०२१ मध्ये दाखवला. कशावरून बांधला? त्या काळचे फोटो, बैठकांची टिपणं, जुनी ड्रॉइंग यांवरून. पिरेलीनं आपल्या दफ्तरातून जुने कागद आणि फोटो काढून त्या वेळचे सिंटुराटो टायर तसेच्या तसे करून दिले. गाडी गेली होती, कागद उरले होते, म्हणून गाडी परत आली.

पुण्यात अशा कागदांची बोंब आहे. एआरएआय १९६६ ची, पिंपरीतलं टाटांचं संशोधन केंद्र ईआरसीही १९६६ चं. कात्रज, खंबाटकीचे घाट, नाशिक रोडचे खड्डे, उन्हाळ्यातलं चाकण यांतून किती गाड्या नापास होऊन परत गेल्या, याची नोंद कंपनीच्या कपाटाबाहेर जवळपास नाही. सुपरकारच हवी असेल तर घरचीही उदाहरणं आहेत. २००० मध्ये जिनिव्हात दाखवलेली टाटांची आरिया रोडस्टर. २०१७ मध्ये तिथंच आलेली दोन सीटची रेसमो, १.२ लिटर टर्बो, १९० अश्वशक्ती, जी कधी विक्रीला आलीच नाही. २०१२ च्या ऑटो एक्स्पोत गर्दी खेचणारी डीसी अवंती. यांची प्रेस किट, ब्रोशर, स्केचेस, शोमधले पास, स्केल मॉडेल्स हे सगळं आज कवडीमोलानं मिळतं. बुधवारी आणि रविवारी जुन्या बाजारात एक फेरी मारा. मी तिथं अडकित्त्यांच्या शेजारी कारखान्यांची जुनी सर्व्हिस मॅन्युअल्स रचलेली पाहिलीत. दिनकर केळकरांनी दिवे आणि अडकित्ते जमवायला घेतले तेव्हा त्यांनाही लोक हसलेच असतील, आज शुक्रवार पेठेतलं त्यांचं म्युझियम बघायला शाळांच्या सहली येतात.

निवृत्त टेस्ट ड्रायव्हर आणि प्रोटो शॉपमधले फिटर निगडी-प्राधिकरण, चिंचवड भागात भरपूर आहेत. त्यांच्याशी बोला, परवानगी घेऊन रेकॉर्ड करा. कंपनीचं गुपित विचारू नका, तसे ते सांगणारही नाहीत. कोणत्या घाटात ब्रेक तापायचे, कॅमोफ्लाजची पट्टी पावसात कशी सुटायची, रात्री कुठल्या धाब्यावर गाडीवर ताडपत्री टाकून जेवायचे, हे विचारा. फोटो रस्त्यावरचेच काढा. कारखान्याच्या भिंतीवरून किंवा टेकडीवरच्या कुंपणातून काढलेला फोटो तुमच्या सगळ्या संग्रहाला डाग लावेल. आणि त्या हार्डडिस्कची आजच दुसरी प्रत करून बहिणीकडं ठेवा.

एवढं करूनही दोनेक वर्षांनी म्यूलची तहान भागली नाही तर युरोपात एखाद्या मोठ्या लिलावाला स्वतः जा, बोली लावू नका, नुसतं कॅटलॉग घेऊन गाड्यांभोवती फिरा. ज्या गाडीच्या फाइलमध्ये कंपनीचं विक्रीपत्र, कंपनीच्या क्लासिक विभागाचा दाखला, अंतर्गत नंबराची नोंद आणि त्या काळातला ट्रॅकवरचा फोटो, हे चारही असेल तिची किंमत कितीवर जाते आणि यातलं एक कमी असलेल्या गाडीची किती, ते वहीत लिहून आणा. ती सवय तुम्हाला आहेच.

राहिले घरचे. आण्णांना पटवायच्या फंदात पडू नका, जमीन ज्यानं कसली त्याला न चालणारं काही विकत घेणं पटणार नाही आणि का पटावं? वहिनींच्या प्रश्नाला मात्र उत्तर द्या, कारण तो अख्ख्या घरात एकच तांत्रिक प्रश्न आहे. पुण्याचा पावसाळा मॅग्नेशियमच्या चाकांना आणि उघड्या कनेक्टरना चार महिने खातो. बंद, कोरडी, सव्वीस-सत्तावीस अंशांवर राहणारी जागा, अग्निशमनाची सोय, विमा कंपनीला मान्य होईल असं कुलूप, आणि गाडी दर महिन्याला दहा मिनिटं चालू करणारा माणूस. याचा वर्षाचा खर्च काढून त्यांच्यापुढं ठेवा. त्या जे म्हणतील ते मला कळवा, माझ्यापेक्षा कामाचं असेल.

ब्रोकरला उत्तर द्यायचंच असेल तर एवढंच लिहा की चासिस नंबराचा जवळून काढलेला फोटो, कंपनीनं पहिल्या खरेदीदाराला दिलेल्या विक्रीपत्राची प्रत आणि कंपनीतल्या ज्या विभागाकडून ते पडताळता येईल त्याचं नाव पाठवा; टोकन एस्क्रोमध्येच, म्हणजे व्यवहार पुरा होईपर्यंत तिऱ्हाइताकडं ठेवू, तुमच्या खात्यावर नाही. उत्तर आलं तर मला पाठवा. गाडीचे फोटो नकोत, ते त्यानं सुंदरच काढलेले असतील.